आधी बघा, मग काढा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानांपैकी एका भाषणाचा हा मजकूर. वक्ते निवृत्त कलाशिक्षक असून आपल्याच 'बी' विंगमधले रहिवासी आहेत. – संपादक मंडळ)



या वर्षात आपण गुडघेदुखीवर डॉक्टरांना ऐकलं, मृत्युपत्रावर वकिलांना ऐकलं. दोन्ही वेळा पहिल्या रांगेत आम्ही ज्येष्ठ मंडळी होतो. आज पहिल्या रांगेत मुलं बसली आहेत, हातात वही-पेन्सिल आहे, म्हणजे विषय बदललाय हे उघड आहे. सचिवसाहेबांनी मला 'चित्रकलेचे महत्त्व' असा विषय दिला होता. महत्त्व वगैरे राहू द्या. चित्र काढायला शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं, एवढंच सांगतो.

तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "सर, माझा हात काही वळत नाही हो." आजही लिफ्टमध्ये कोणी ना कोणी हे म्हणतंच. मी त्यांना विचारतो, बँकेत सही जुळते ना? चाळीस वर्षं तीच सही, तेच वळण, तीच शेवटची शेपटी! आपल्या दारापुढे ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या काकू चिमटीतून एकसारखी रेघ सोडतात, तीही वाकून, कंबर दुखत असताना. हात सगळ्यांचे वळतात. सवय नसते ती डोळ्यांना.

हे कसं ते सांगतो. आपल्या गेटवरची वॉचमनची खुर्ची रोज बघता ना? आता न बघता काढा. बहुतेक जण बसायचा भाग चौकोनी काढतील आणि चारही पाय सारख्या लांबीचे. कारण खुर्चीला चार सारखे पाय असतात हे आपल्याला माहीत आहे. पण समोर बसून पाहिलं तर मागचे पाय आखूड दिसतात, बसायची जागा चपटी दिसते. आपण दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतो. चित्रकलेचा पहिला धडा म्हणजे हे माहीत असलेलं थोडा वेळ बाजूला ठेवणं.

त्यासाठी दोन युक्त्या आहेत. एक, खुर्ची काढूच नका. खुर्चीच्या पायांमधली, दांड्यांमधली रिकामी जागा काढा. त्या रिकाम्या जागेचं नाव आपल्याला माहीत नसतं, म्हणून डोळा मुकाट्याने आकार बघतो. सगळ्या रिकाम्या जागा बरोबर आल्या की मध्ये खुर्ची आपोआप उभी राहते. दुसरी युक्ती, एखादा फोटो उलटा ठेवा आणि उलटाच काढा. बेटी एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने १९७९ साली आपल्या पुस्तकातून ही पद्धत सगळीकडे नेली. उलट्या फोटोत नाक नाक वाटत नाही, नुसती रेघ वाटते. मग ती रेघ बरोबर येते. घरी करून बघा, मोठ्यांनीसुद्धा.

आता आकार. फ्रान्सचा चित्रकार सेझान याने १९०४ साली एका तरुण चित्रकाराला पत्रात लिहिलं होतं की निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या रूपात बघावं. आपल्या भाषेत सांगायचं तर गच्चीवरची पाण्याची टाकी दंडगोल, नारळ गोल, मोदक शंकू. माणसाचा हातसुद्धा दोन दंडगोल आणि मध्ये कोपराचा सांधा. आधी हे ढोबळ आकार फिक्या रेघांनी मांडायचे, बारकावे नंतर. मुलं नेमकं उलटं करतात. आधी शर्टाची बटणं काढतात, मग हात कुठे लावायचे ते शोधतात.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेले इथे बरेच आहेत. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून का होईना, बसलात हे चांगलं केलंत. त्यात वस्तुचित्र असतं. तांब्या, पेला, सुरई. त्यातली एक चूक मी हजारो कागदांवर पाहिली आहे. मुलं पेल्याचं तोंड छान लंबगोल काढतात आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ! घरी जाऊन स्टीलचा पेला डोळ्यांच्या समोर धरा. कडा सरळ रेघ दिसेल. आता पेला हळूहळू खाली न्या. तोंड उघडत जाईल, लंबगोल फुगत जाईल. डोळ्याच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते जास्त गोल दिसतं. म्हणजे टेबलावरच्या पेल्याचं बूड हे तोंडापेक्षा थोडं जास्तच गोल काढायला हवं. एवढं एक कळलं तरी तुमचा पेला टेबलावर नीट बसेल.

हाच नियम इमारतीला लागतो. जिन्यातून बाहेर आलात की आपल्या मजल्यावरच्या लांब पॅसेजच्या एका टोकाला उभे राहा. छताच्या रेघा खाली येतात, फरशीच्या रेघा वर चढतात आणि सगळ्या तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूकडे धावतात. याला यथार्थदर्शन म्हणतात. इटलीत आल्बेर्तीने १४३५ साली हे शास्त्र लिहून काढलं. आता तिथेच खाली बसा. तो बिंदूही तुमच्याबरोबर खाली येईल. म्हणून चित्र सुरू करण्याआधी स्वतःला विचारायचं, माझे डोळे कुठे आहेत?

माप घ्यायला पट्टी लागत नाही. हात ताठ ठेवून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, अंगठ्याने लांबी पकडा. उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा भरतो, नुकतं जन्मलेलं बाळ चार डोक्यांएवढं. आणि चेहऱ्याचं एक गुपित सांगतो. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. खोटं वाटत असेल तर आज आरशासमोर मोजा. आपण सगळे डोळे वर काढतो, कारण बोलताना आपण डोळे, नाक, ओठ एवढंच बघतो. कपाळ आणि केस यांच्याकडे कोण बघतं? माझ्या बाबतीत केसांचा प्रश्नच मिटला आहे, ते सोडा.

छायाप्रकाशाबद्दल थोडंसंच. डोळे बारीक करून बघा. बारकावे नाहीसे होतात, उजेड आणि अंधार तेवढे राहतात. एचबीने आखणी, टूबी-फोरबीने छाया. आणि सावलीच्या बाजूलाही अगदी कडेला थोडा उजेड असतो, टेबलावरून परतलेला. तो ठेवलात की गोल गोल दिसतो. बोटाने घासून काळं करू नका. त्याने सावली येत नाही, मळ येतो.

आता जरा अवघड गोष्ट सांगतो. ती इथेच घडली आहे. जिच्याबद्दल आहे तिला विचारूनच सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही.

आपण नवीन राहायला आलो होतो. लिफ्ट सुरू व्हायची होती, पाणी टँकरने यायचं. मी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मुलांना चित्रकला शिकवायचो. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने आपली इमारत काढली. इमारत एवढीशी आणि गच्चीवरची टाकी इमारतीपेक्षा मोठी. खाली बादल्या घेतलेली माणसं, मुंगीएवढी. मी म्हटलं, "अगं, टाकी एवढी मोठी असते का?" आणि तिच्या हातातली पेन्सिल घेऊन मी तिच्याच कागदावर सगळं दुरुस्त केलं. बाल्कन्या मापात आल्या, टाकी लहान झाली. चित्र नोटीसबोर्डवर लागलं. सगळ्यांनी कौतुक केलं. खाली नाव तिचं, चित्र माझं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. तिची आई म्हणाली, अभ्यास वाढलाय. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

गेल्या मे महिन्यात ती माहेरी आली होती. मुलाला घेऊन माझ्या दाराशी उभी. "सर, याला चित्रं काढायची खूप हौस आहे. शिकवाल?" मी म्हटलं, आनंदाने. मग ती हसत म्हणाली, "फक्त त्याच्या कागदावर तुम्ही काढू नका हं, सर." ती हसली, मला हसता आलं नाही. वीस वर्षांहून जास्त काळ ती ते लक्षात ठेवून होती आणि मी विसरलो होतो. "चुकलं माझं," असं मी तिला तिथेच दारात म्हणालो. तिने पुन्हा पेन्सिल हातात घेतली नव्हती.

त्यानंतर मी बराच विचार केला. तिची टाकी चुकली होती का? वस्तुचित्राच्या पेपरात गुण कापले गेले असते. पण तिने काढलं होतं ते वस्तुचित्र नव्हतं, गोष्टीचं चित्र होतं. त्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या तोंडी पाण्याशिवाय दुसरा विषय होता का? जे सगळ्यात महत्त्वाचं ते तिने सगळ्यात मोठं काढलं. प्राचीन इजिप्तच्या भिंतींवर राजा असाच सेवकांपेक्षा मोठा असतो. आपल्या वारली चित्रांत माणूस दोन त्रिकोणांचा असतो, त्याला माप लावून कोणी 'चूक' म्हणत नाही. जिव्या सोमा मशे यांची चित्रं तर जगभर गेली.

पुस्तकातलं, मासिकातलं चित्र हे असंच असतं. तिथे दिसतं ते सगळं काढायचं नसतं, सांगायचं तेवढंच काढायचं असतं. दीनानाथ दलाल, वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांची चित्रं आपल्या घरातल्या जुन्या दिवाळी अंकांत सापडतील. फडणीसांच्या कित्येक चित्रांखाली एक शब्दही नसतो आणि तरी लहान-मोठे सगळे हसतात. जुने अंक रद्दीत देण्याआधी मुलांना जरूर दाखवा. या लोकांना माप येत नव्हतं असं नाही. माप पक्कं होतं, म्हणूनच कुठे मोडायचं ते त्यांना कळत होतं. मी त्या मुलीला माप शिकवायला हवं होतं, पण टाकी तिची तिला ठेवायला हवी होती. दोन्ही जमलं असतं. शेजारी वेगळा कागद घेऊन दाखवायचं, एवढंच करायचं होतं. आता मी तसंच करतो.

म्हणून आईबाबांना आणि आजी-आजोबांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल नेऊ नका. "हे काय काढलंस?" असं विचारू नका, "मला सांग ना यातलं," असं म्हणा. आणि मुलांनो, खोडरबर दप्तरातच ठेवा. चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढा. चुकीची रेघ समोर असली की बरोबर रेघ कुठे असायला हवी ते कळतं. रोज वीस मिनिटं पुरेत. महागडे रंग नकोत. साधी वही, एक टूबी पेन्सिल, आणि समोर चप्पल, छत्री, कुकर, काहीही.

शेवटी एक सूचना. कार्यकारिणीने मान्यता दिली आहे. उद्यापासून सोसायटीच्या ऑफिसात एक कोरी वही ठेवलेली असेल. प्रत्येक घराने एक पान भरायचं. आपल्या दाराची कडी, खिडकीतून दिसणारं झाड, पार्किंगमधलं मांजर, जे रोज दिसतं आणि आपण बघत नाही असं काहीतरी. चांगलं-वाईट नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा ही वही कोणीतरी उघडेल.

पहिलं पान मी कोरं सोडलं आहे. ते त्या मुलीसाठी आहे. दिवाळीला येते म्हणाली आहे. टाकी केवढी काढायची ते तिचं ती ठरवेल.