ओतशाळेंतील पारख



कोल्हापुराहून रत्नागिरीस निघालेली मोटार आंबा घाट उतरूं लागली कीं चालक प्रत्येक वळणावर ब्रेक दाबतो. चाकाच्या आंतील बिडाचा ड्रम तो सारा दाब सोसतो. उतारूंचे प्राण त्याच्या हवालीं असतात. पण तो कोणीं ओतला हें त्यांच्या मनांतहि येत नाहीं.

असे ड्रम, इंजिनांचे ठोकळे व पंपांचीं कवचें ओतणाऱ्या ओतशाळा कोल्हापूर भागांत पुष्कळ आहेत. या मुलखास हें काम नवें नाहीं. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली व तेथें लोखंडी नांगर होऊं लागले. पहिल्या महायुद्धांत लोखंड दुर्मिळ झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळून त्यांचे नांगर झाले!

बिडांत शेंकडा तीन-साडेतीन भाग कार्बन असतो. त्यांतील बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानें राहतो. त्यामुळें बीड उष्णता पसरवितें व हादरे जिरवितें; मात्र तें ठिसूळहि असतें.

ओतण्याची कृति वरवर सोपी दिसते. नमुन्याभोवतीं वाळू ठोकून साचा करावयाचा. थंड होतांना बीड शेंकडा एकाच्या सुमारास आकसतें, म्हणून नमुना तितका मोठा घ्यावयाचा. जेथें पोकळी हवी तेथें वाळूचा गाभा बसवावयाचा. मग सुमारें १,४०० अंश सेंटिग्रेडचा लाल-पिवळा रस आंत सोडावयाचा.

खरी परीक्षा वाळूच्या ओलाव्याची. ओल कमी पडली तर साचा ढासळतो. अधिक झाली तर वाफ रसांत शिरून बुडबुडा राहतो. आतां हें मोजावयास यंत्रें आहेत. तरी जुना कारागीर वाळू मुठींत आवळून, तिचा गोळा मोडून पाहतोच.

दुर्दैव असें कीं बुडबुडा पुष्कळदां पृष्ठाखालीं दडतो. वरचें छिद्र लांबीनें बुजवून रंग दिला तर वस्तु निर्दोष भासते. माल वेळेवर पोंचवावयाचा असतो, मजुरी नगावर ठरलेली असते. अशा वेळीं हा मोह लहान नसतो. सदोष नग फोडला तर बीड पुनः भट्टींत जातें. पण जळण व दिवसाचे श्रम परत येत नाहींत. तरीहि चांगला ओतारी तो फोडतो.

घाट उतरून उतारू सुखरूप घरीं पोंचतात. आदल्या वर्षीं एका ओतशाळेंत कोणीं तरी एक नग बाजूस काढला होता, हें त्यांस कधींच कळत नाहीं.