आधी काम, मग नाव



मित्रांनो, संजय गांधी निराधार अनुदान योजना तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या एखाद्या विधवा खालांचा अर्ज तुमच्यापैकी कुणी भरलाही असेल. १९८० साली ही योजना सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, कोकणातल्या आंबेतचे. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नावही त्यांच्याच काळात, १९८१ मध्ये मिळालं.

सिमेंट वाटप आणि ट्रस्टच्या देणग्या यांवरून उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी पद सोडलं. तो हिशेब मागणं योग्यच होतं. ते आपल्यातले म्हणून तो माफ करू नये. पण ते मुसलमान होते म्हणून त्यांचं चांगलं कामही कुणी पुसू नये.

माणूस पाहून धोरणाबद्दल मत बनवणं फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेतले अभ्यासक मायकेल टेस्लर यांनी दाखवलं, की आरोग्य विम्याचा प्रस्ताव ओबामांचा म्हणून सांगितला की लोकांची मतं वंशाबद्दलच्या त्यांच्या भावनांवर जास्त ठरतात. तसाच प्रस्ताव क्लिंटन यांचा म्हणून सांगितला की कमी.

पक्षांनाही हे कळतं. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ जागांवर महायुती किंवा महाविकास आघाडी, कुणीही एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. २०११ च्या जनगणनेत आपण राज्यात साडेअकरा टक्के होतो. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार दहा निवडून आले. या अन्यायावर बोललंच पाहिजे.

पण आरशातही पाहू या. आपल्या नावाचा उमेदवार दिसला की आपण त्याला प्रश्न विचारायचं सोडतो का? आणि दुसऱ्या नावाच्या नगरसेवकाने गटार बांधलं, तर त्याला श्रेय देताना जीभ अडखळते का? मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

मीरा-भाईंदरमध्ये एक करून पाहा. चार-पाच जण बसा. उमेदवारांची आश्वासनं नाव आणि चिन्ह झाकून वाचा. पाणी, उर्दू आणि मराठी शाळा, दवाखाना, कब्रस्तान आणि स्मशान, प्रत्येकाला गुण द्या. मग नाव उघडा. गुण बदलावेसे वाटले, तर का, ते एकमेकांना सांगा.