लंगडीला जागा ठेवा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पंचवीस वर्षांचा हिशेब इतर वक्ते मांडतीलच. मी आज मुलांच्या हालचालींविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, जन्म बँकेत गेला. आजोबा म्हणून जे पाहिले आणि वाचले, ते सांगतो.

माझी नात पहिलीत होती. चार ओळी लिहिल्या की तिचा हात दुखायचा. वर्गात ती बाकावर डोके टेकून बसायची. बाईंनी डॉक्टरांना दाखवायला सुचवले आणि डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवले. तिथे वही-पेन्सिल नव्हतीच! झोपाळा, गाद्या, मोठा चेंडू. नातीला रांगायला लावले, पाय उचलून धरले आणि हातांवर चालवले, एका पायावर उड्या मारायला लावल्या. घरी कणीक मळायला सांगितली. आमची ही म्हणाली, "अहो, ही तर आपली लंगडी! याला फी कशाला?" त्या ताई हसल्या. म्हणाल्या, "आजी, लंगडी तुमचीच. कुठल्या मुलाला काय, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायचे, तेवढे आम्ही पाहतो."

मग त्यांनी समजावले. बोटांनी नीट लिहायचे तर आधी पाठ आणि खांदा स्थिर हवा. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. स्नायू आणि सांधेही मेंदूला सतत निरोप देतात, हात कुठे आहे, जोर किती लागतोय. झोके, उड्या, चढणे-उतरणे यांतून या निरोपांचा सराव होतो.

मंडळी, या विद्येचे मूळ आपल्या शेजारीच आहे. ऑक्युपेशनल थेरपीचे भारतातले पहिले विद्यालय १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्नाने आपल्या झाल्या. हिंदमाताहून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर. आपण त्या फाटकावरून किती वेळा गेलो असू!

दुसऱ्या बाजूला शिवाजी पार्क. तिथले श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासूनचे. तिथल्या उदय देशपांडे यांनी अंध आणि दिव्यांग मुलांनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबाने आजार बरे होतात, असे मी म्हणत नाही. उपचार तज्ज्ञांकडूनच घ्यावेत. पण "हिला जमणार नाही" असे आधीच ठरवून मुलाला बाजूला बसवू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही रिकरिंग ठेव आहे. थेरपिस्टकडे आठवड्याचे दोन तास जातात, बाकीचे हप्ते घरी आणि अंगणात भरायचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी किमान ६० मिनिटे चांगली दमछाक करणारी हालचाल व्हावी. आम्हा पासष्टीपुढच्यांनाही आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. म्हणजे जागा नातवंडांना हवी तशी आजी-आजोबांनाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण चाळीतून इथे आलो. चाळीत खोली दहा बाय बाराची, पण गॅलरी आणि अंगण सगळ्यांचे. लगोरी, फुगडी, आट्यापाट्या तिथेच झाल्या. इथे फ्लॅट मोठे झाले, अंगण मात्र इमारतीमागच्या एका पट्ट्यापुरते उरले. येत्या वार्षिक सभेत त्या पट्ट्यात आणखी चार गाड्या लावण्याचा ठराव येणार आहे. गाडीवाल्यांची अडचण मला कळते, रस्त्यावर पार्किंग मिळत नाही हे खरे. पण गाडी भाड्याच्या जागेत ठेवता येते, बालपण ठेवता येत नाही.

माझी विनंती एवढीच. तो पट्टा मोकळा राहू द्या. तिथला "खेळण्यास मनाई"चा फलक काढा. संध्याकाळी पाच ते सात मुलांची वेळ ठरवा. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबले की मुले घरात अडकतात, त्या दिवशी सोसायटीचा हॉल उघडा. गोंगाट होईल, एखादी कुंडीही फुटेल. कुंडीचे पैसे मी देईन.

नात आता पाचवीत आहे. पानभर लिहिते आणि लंगडीत मला हरवते. सभेत हात वर करताना तिच्यासारख्या मुलांकडे एकदा पाहा.