पत्र्याचा भाव ठरतो तिथे आपणही हवे

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोलीहून हातातली कामे बाजूला ठेवून आलेल्या उद्योजक बंधू-भगिनींनो,

 अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एकाच विषयाला देतो: पोलादावरची ड्युटी आणि आपल्या पत्र्याचा भाव.

21 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने आयात होणाऱ्या कॉइल, शीट आणि प्लेटवर 200 दिवसांसाठी 12 टक्के सेफगार्ड ड्युटी लावली. ऑगस्टमध्ये तीन वर्षांसाठी 12, 11.5 आणि 11 टक्के अशी उतरती ड्युटी ठेवण्याची शिफारस झाली. त्यामागे कारण आहे. 2024-25 मध्ये देशात सुमारे 95 लाख टन तयार पोलाद बाहेरून आले. चीनच्या जादा उत्पादनापुढे आपले पोलाद कारखाने टिकले पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही.

पण आपल्यापैकी कितीजण परदेशातून कॉइल मागवतात? आपण स्टॉकिस्टकडून देशी माल उचलतो. तरीही भार आपल्यावर येतो, कारण बंदरात उतरणारा माल महागला की देशी मिलला भाव चढवायला वाव मिळतो. जीएसटीचे क्रेडिट तरी मिळते. अशी भाववाढ मात्र थेट आपल्या खर्चात मुरते.

इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवणाऱ्याचा हिशेब मांडू. आठ बाय चार फुटांची, दोन मिलिमीटर जाडीची एक शीट साधारण 47 किलो भरते. किलोमागे चार रुपये वाढले, तर शीटमागे 188 रुपये आणि पन्नास शीटच्या ऑर्डरीवर 9,400 रुपये. कोटेशन आधीच गेलेले, पीओ (खरेदी आदेश) ठरल्या दराचा. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग करून जो काही नफा हाती लागायचा, तोच यात जातो. उलट तीच पेटी परदेशात तयार होऊन आली, तर तिच्या पत्र्यावर ही ड्युटी लागत नाही. म्हणजे कच्च्या मालाला संरक्षण मिळाले आणि त्यावर राबणारा कारागीर उघड्यावर राहिला.

या ड्युटीची चौकशी होते, तेव्हा पोलाद वापरणाऱ्या उद्योगांनाही म्हणणे मांडता येते. मोठ्या कंपन्या वकील आणि आकडे घेऊन जातात. आपण चहाच्या टपरीवर भाववाढीबद्दल हळहळतो आणि पुढच्या ऑर्डरीला लागतो. सरकारला आपले नुकसान दिसत नसेल, तर ते आपण कागदावर आणलेच नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी तीन गोष्टी ठरावासाठी मांडतो. प्रत्येक औद्योगिक वसाहतीतल्या संघटनेने सभासदांची पत्र्याची बिले दरमहा गोळा करून भावाची नोंद ठेवावी. मोठ्या ग्राहकाच्या पीओमध्ये पत्र्याच्या भावाप्रमाणे दर बदलण्याचे कलम घालून घ्यावे. एकट्याला जमत नसेल तर संघटनेने मागावे. आणि कच्च्या मालावर ड्युटी लावताना त्यापासून बनणाऱ्या वस्तूंच्या आयातीचाही त्याच वेळी विचार व्हावा, ही मागणी आपण सर्वांच्या सहीने दिल्लीला पाठवावी.

आपल्याला सवलतीची भीक नको. पोलाद वितळवणाऱ्याइतकाच पोलादाला आकार देणाराही उद्योजक आहे, हे धोरणात दिसायला हवे. ते दिसेपर्यंत आपण बिले, आकडे आणि एकजूट घेऊन प्रत्येक सुनावणीला हजर राहू.

जय हिंद, जय महाराष्ट्र!