अनुदान तुकडीला, फी मुलीला
(पनवेल येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज थोडं हिशेबाचं बोलायचं आहे. कंटाळू नका, हिशेब आपल्याच मुलींच्या प्रवेशाचा आहे.

पनवेलमधल्या एखाद्या कॉलेजचं माहितीपत्रक बघा. एकाच इमारतीत दोन कारभार दिसतील. बी.ए.ची तुकडी अनुदानित. मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी बेताची. शेजारच्या वर्गात बी.एस्सी. आयटी, विनाअनुदानित. पगारापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं फीमधून, म्हणून फी कितीतरी पट. दोन्ही वर्गांतल्या मुली इथल्याच रहिवासी, दोघींचे आईबाप कर भरतात. (मिठाच्या पुडीवर नसेल, पण साबणावर भरतोच की आपण!) अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं आपल्या राज्यातल्या मुलांकडून कमी फी घेतात, कारण पालकांचा कर तिथे गेलेला असतो. आपल्याकडेही अधिवासाचा दाखला मागतात, पण सरकारचा पैसा जातो तुकडीच्या मागे, मुलीच्या मागे नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. नव्या जागा वाढल्या, त्या पालकांच्या खिशावर.

मग घरात काय होतं? मुलगा आयटीला, मुलगी बी.ए.ला. वर म्हणायचं, ‘तिला मराठीची आवड आहे.’ असेलही. पण तिला विचारलं कोणी?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मंच होतं. वर्षाला सुमारे ९०६ कोटींचा भार सरकारनं उचलला, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. खाजगी आणि अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. वसतिगृह, खाणावळ, कर्जतहून येणारीचा लोकलचा पास, हेही नाही. संस्थेच्या कोट्यातून घाईनं प्रवेश घेतला की सवलत गेली. एजंट हे सांगत नाही.

तेव्हा दोन कामं. बारावीच्या निकालाआधीच वस्तीवस्तीत उत्पन्नाचे आणि अधिवासाचे दाखले काढून ठेवायचे, तहसील कचेरीत नंतर रांगा लागतात. आणि माहितीच्या अधिकारात प्रत्येक अनुदानित कॉलेजला विचारायचं : अनुदानित तुकड्या किती, विनाअनुदानित किती, प्रत्येकीत मुली किती, मुलगे किती, फी किती. अर्जाचा नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका.