आजाऱ्याची आशा



‘मन आनंदी ठेवा आणि शरीराचे ऐका’ असा दुहेरी उपदेश आजाऱ्याला हल्ली जो तो करतो. समाचाराला आलेला मनुष्य चार मोसंबी खाटेजवळ ठेवतो, हा उपदेश करतो आणि गाडी गाठावयाची म्हणून उठतो. उपदेश खोटा नव्हे. परंतु ह्या दोन गोष्टींचे एकमेकींशी पटत नाही अशी वेळ दुखण्यात येते, आणि त्या वेळी कोणाचे ऐकावयाचे हे कोणी सांगत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. लालबागच्या चाळीत राहून क्षयातून उठलेले रोगी आहोत, आणि तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहोत.

गिरणगावात शरीराचे ऐकणे ही एकेकाळी चैनच होती. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा एक विकार गिरणीकामगारांना जडत असे. त्याची खूण अशी की, आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच पाळीला छाती आवळल्यासारखी होई. शरीर अगदी वार सांगून बोलत होते म्हणा ना! पण खाडा म्हणजे पगाराला कात्री; तेव्हा ‘धुळीने होते, जाईल’ असे म्हणून मनुष्य पाळीला जाई, आणि क्षयाचा खोकलाही त्याच धुळीच्या खाती मांडला जाई. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. सवय मात्र उरली. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, कारण नसता उतरणारे वजन, इतके सारे शरीर बोलत असता आम्ही महिनाभर ‘हवा बदलली आहे’ म्हणून काढला. आणि ह्यालाच आम्ही आशावाद समजत होतो!

थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले तेव्हा पहिला प्रश्न पडला तो खोलीचा. एका खोलीत सहा माणसे. आजाऱ्याला ठेवावयाचे कोठे? पूर्वी क्षय म्हटला की आरोग्यधाम, मोकळी हवा आणि दूधअंडी. कॉखने १८८२ साली जंतू दाखविला खरा, पण त्यावर चालणारे स्ट्रेप्टोमायसीन हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. पुढे १९५६ पासून मद्रासेत एक फार मोलाचा प्रयोग झाला. काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्याच दाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे दिली. खाणेपिणे, विश्रांती, सारे आरोग्यधामात सरस. तरी वर्षाअखेर दोहोंकडचे गुण जवळजवळ सारखेच आले, आणि घरच्या माणसांनाही त्यामुळे अधिक बाधा झाल्याचे दिसले नाही. चाळकऱ्याला आशा म्हणून काही हवे असेल तर ते हे! आमच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी आईला हीच गोष्ट समजावून सांगितली, आणि खिडकीजवळची जागा आम्हाला मिळाली.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी होऊ लागली, तेव्हा आम्ही घाबरलो. बाई म्हणाल्या, तो औषधाचा रंग आहे. डोळे पिवळे दिसले, ओकारी थांबेना, नजर अंधूक झाली, तर मात्र त्याच दिवशी या. मनाने गोळी बंद करू नका. शरीराचे ऐकावयाचे म्हणजे ते काय म्हणते हे जाणत्याला जाऊन सांगावयाचे, हे आम्हाला तेथे कळले. कळले, पण वळले नाही.

कारण दोन महिन्यांत ताप गेला, भूक आली, वजन वाढले. शरीर म्हणाले, ‘झाले, बरा झालास.’ गणपतीचे दिवस होते, मांडवात जागरणे होती, गावाहून पाहुणे आले होते. त्यांच्यादेखत गोळ्यांचे पाकीट काढण्याची लाज वाटे. आम्ही गोळ्या सोडल्या. शरीर खोटे बोलत नव्हते, पण त्यालाही सारे ठाऊक नव्हते. औषधाने चपळ जंतू आधी मरतात; सुस्त पडून राहिलेले मागे उरतात, आणि पुढचे चार महिने असतात ते त्यांच्यासाठी. मध्येच औषध सोडले तर हेच जंतू पुन्हा डोके वर काढतात आणि कधी औषधालाच जुमानीनासे होतात. (तसल्या क्षयाच्या प्रत्येक रोग्याने गोळ्या चुकविल्या असे मात्र समजू नये, कित्येकांना तो दुसऱ्याकडून तसाच मिळतो.)

दिवाळीच्या सुमारास संध्याकाळची कणकण परत आली. दवाखान्याची पायरी चढताना मान वर होईना. बाई रागावल्या नाहीत, ह्याचेच आम्हाला वाईट वाटले. पुन्हा थुंकी तपासली. जंतू औषधाला वश होते, हे आमचे नशीब. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

ह्या खेपेस आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा ताबा घेतला. गोळी पोटात गेली की ती त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारी. ‘आज मला अगदी बरे वाटते, आई,’ असे आम्ही म्हटले की म्हणे, ‘वाटू दे बाबा. पाणी घे आणि गोळी गीळ.’ शेवटची तपासणी निर्दोष आली तेव्हा वर्ष बदलून गेले होते. तरी जुनी दिनदर्शिका तिने नव्या दिनदर्शिकेच्या मागे, त्याच खिळ्याला, तशीच अडकवून ठेवली होती.