टाळूवरचा हात

तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्यापूर्वी त्याची टाळू तेलाने भरण्याची रीत आपल्या घरांतून फार जुनी आहे. त्या तेलाने काय साधते, याविषयी मी वैद्यकाच्या बाजूने फारसे सांगू शकणार नाही. परंतु रोज टाळूवरून फिरणाऱ्या आजीच्या हाताला ती जागा निरोगीपणी कशी लागते हे पक्के ठाऊक झालेले असते. आणि एखाद्या दिवशी मूल रडत नसताना, उभे धरले असतानाही तीच टाळू फुगलेली व ताठ लागली, तर मेंदूच्या आवरणांना सूज आल्याची ती खूण असू शकते.

मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. जंतू वा विषाणू तेथवर पोहोचून जो दाह होतो, त्याला डॉक्टर मंडळी मेनिंजायटिस म्हणतात. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला आपल्या लोकांनी मानमोडी हे नाव दिले. खरे पाहता ते या रोगाला अधिक शोभले असते. ताप, असह्य डोकेदुखी, वांत्या, उजेड न सोसणे, आणि हनुवटी छातीला टेकवता येऊ नये इतकी ताठरलेली मान, ही मोठ्या माणसांतील लक्षणे. ती सारी एकदम दिसतीलच असे नाही, आणि नेमके तेथेच आपण फसतो.

मीही फसलो आहे. नुकतीच पदवी घेऊन एका तालुक्याच्या गावी काम करीत असता एक बाई पाच महिन्यांचे तापलेले मूल घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एरवी कडेवर घेतलं की हे उगी राहतं. आज उचललं की जास्तच रडतंय." मी मान पाहिली, ती मऊ होती. तापाचे औषध देऊन मी तिला घरी धाडले. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मूल रडत नव्हते. त्याला झटके येत होते. जिल्ह्याच्या इस्पितळात पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासले, औषधे सुरू झाली, मूल वाचले. पण त्याला ऐकू येईनासे झाले. इतक्या लहान वयात मान पुष्कळदा ताठरतच नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. उचलताना अंग हलते, वाकते, दुखरी आवरणे ताणली जातात, म्हणून मूल कुशीतही शांत होत नाही. आईने मला निदानच सांगितले होते.

याखेरीज दूध न ओढणे, चिरका रडण्याचा स्वर, हाक मारूनही डोळे न उघडणे, हातपाय थंड पडणे, यांकडेही लक्ष असावे. मेनिंगोकोकस जंतूच्या रोगात, ज्याची साथ दिल्लीत २००५ साली आली होती, अंगावर जांभळट ठिपके उमटतात. काचेचा पेला दाबून धरला तरी ते मावळत नाहीत. सावळ्या कांतीवर ते तळहात, तळपाय व पापण्यांच्या आतील बाजूस शोधावेत. मात्र ठिपक्यांची वाट पाहत बसू नये. यांतील काही दिसले तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

क्षयाच्या जंतूने होणारा प्रकार वेगळा. तो आठवडा-दोन आठवडे सावकाश येतो: बारीक ताप, मलूलपणा, चिडखोर झालेले मूल. घरात कोणास क्षय असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

बाळपणीच्या लसींमुळे यांतील काही जंतूंना आता आळा बसतो, सर्वांना नाही. आणि मूल बरे होऊन घरी आले, तरी त्याचे कान लवकर तपासून घ्यावेत. दाहानंतर कधीकधी आतल्या कानात हाड वाढू लागते, आणि मग कानात बसवावयाचे यंत्रही बसविणे कठीण होते.